साथ शिकवणारा सिव्हर्ट

माणसांशी बोलायचं म्हटलं की सिव्हर्ट फोसब्रेनला अर्ध्या वाक्यातच कंटाळा यायचा. कुत्र्यांशी मात्र तो पूर्ण वाक्यांत बोलायचा, तेही आर्जवानं. "हे बघ, तुला पळावंसं वाटतंय, ते मला कळतंय. पण पुढं तीरा उभी आहे. तिनं शोधलंय ना? मग तिला शांतपणे उभं राहू द्यायला नको का?" असं तो बर्फात गुडघे टेकून एखाद्या हूड पिल्लाला समजावत असायचा, आणि त्यानंतर माझ्या लॉजवर येऊन कॉफी मागताना नुसता कप पुढं करायचा. मी म्हणायची, "मी शेपटी हलवली तर माझ्याशीही बोलशील का रे?" त्यावर तो हसायचा. म्हणजे त्याची मिशी हलायची, आम्ही ते हसणं समजायचो.

जन्मभर त्यानं या दरीत दुधाचा टँकर चालवला. लग्न केलं नाही. बर्फ पडलं की टँकरला उशीर व्हायचा, पण टँकर आला नाही असं कधी झालं नाही. टँकरवरून उतरला की बस, कुत्री. आमच्या डोंगरावर तितरांची शिकार होते, तीही कुत्र्यांच्या नाकावर. एक कुत्रा वारा घेत माळ पालथा घालतो, वास लागला की जागच्या जागी थिजतो. एक पाय उचललेला, शेपटी ताठ, नाक पक्ष्याच्या दिशेनं. याला आम्ही पॉइंट म्हणतो. एवढं तर चांगल्या जातीचं कुत्रं आईच्या पोटातूनच शिकून येतं. अवघड काम दुसऱ्या कुत्र्याचं. त्याला वास आलेला नसतो, पक्षी दिसलेला नसतो, दिसतो तो फक्त थिजलेला सोबती. तेवढ्यावर विश्वास ठेवून त्यानंही होता तिथंच थांबायचं. पुढं घुसायचं नाही, पक्षी उडवायचा नाही. ज्यानं शोधला त्याचा तो पक्षी. त्याचा मालक हुकूम देईपर्यंत मागच्यानं हलायचं नाही. याला साथ देणं म्हणतात, आणि ती शिकवण्यात सिव्हर्टचा हात धरणारा आसपासच्या चार दऱ्यांत कुणी नव्हता.

त्याची म्हातारी कुत्री तीरा ही मास्तरीण. ती पॉइंटवर उभी राहायची आणि नवा कुत्रा लांब दोरीवर मागून आणला जायचा. पण दरवेळी तीराला पक्षी कुठून मिळणार? म्हणून सिव्हर्टनं एक फळीचा कुत्रा केला होता. प्लायवूड कापून, पांढरा रंग देऊन, अंगावर काळे ठिपके काढून. तो बर्फात आडवा पडलेला असायचा, लांबून दोरी ओढली की ताडकन उभा राहायचा, पॉइंट धरलेल्या कुत्र्यासारखा. एम्ब्रिकनं त्याचं नाव बिशप ठेवलं होतं. "ताठ उभा राहतो, स्वतःला वास कसलाच येत नाही, आणि तरी सगळे समोर गप्प होतात," असं तो म्हणायचा. एम्ब्रिक म्हणजे आमच्या दरीतला जिभेला हाड नसलेला माणूस. त्याच्याकडे काळा, दांडगा गॉर्डन सेटर आहे आणि स्पर्धेत तो कुत्रा नेहमी शेवटचा येतो.

सिव्हर्टनं कुत्र्यावर कधी हात उचलला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. एका पाहुण्यानं स्वतःच्या कुत्र्याला बुटाची लाथ घातली तेव्हा सिव्हर्टनं त्या माणसाची पिशवी उचलून माझ्या लॉजच्या अंगणात, चिखलात ठेवली आणि म्हणाला, "परतीची बस खालच्या थांब्यावरून." हे त्याचं सगळ्यांत लांब वाक्य होतं, माणसाशी बोललेलं. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. पुढचं सांगायला म्हणूनच मला जड जातं.

एय्वोर आमची शाळेची बस चालवते. तिचा बाप आस्गेर आणि सिव्हर्ट यांची शिकारीतली जोडी होती, एकाचा कुत्रा उभा राहिला की दुसऱ्याचा साथ द्यायचा, अशी वर्षं काढलेली. आस्गेर गेला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत सिव्हर्ट पहिला होता. एय्वोर त्याला लहानपणापासून काका म्हणते. बापामागे तिनं स्वतःचं पहिलं कुत्रं घेतलं, बर्क नावाचा पांढरा-लिंबोणी सेटर, आणि एका हिवाळ्यासाठी तो सिव्हर्टकडे शिकायला सोपवला. "काका, हा बाबांच्या कुत्र्यांसारखा झाला पाहिजे हं," ती म्हणाली. सिव्हर्टची मिशी हलली.

बर्क वाऱ्यासारखा पळायचा आणि नाक तर असं की दगडाखालचा पक्षी सांगेल. साथ मात्र तो शिकेना. तीरा उभी राहिली की हा तिच्या बाजूनं सुसाट पुढं, पक्षी फडफडून आकाशात, आणि हा जीभ बाहेर काढून परत, जसं काही मोठं काम करून आलाय. सिव्हर्ट आर्जवं करायचा, परत आणायचा, परत समजावायचा. "हुशार आहे तो," तो मला म्हणाला. "म्हणून..." पुढचं नेहमीप्रमाणे राहिलं.

मार्च संपता संपता राजधानीकडून कुत्रेवाल्यांची एक टोळी त्याची रीत बघायला आली. माझ्याकडेच उतरली होती. सिव्हर्टनं त्यांच्यासमोर तीराला सोडलं, तिनं सुंदर पॉइंट धरला, मग बर्कला आणलं आणि बर्कनं दोरी हातातून हिसकावून नेऊन पक्षी उडवले. दुसऱ्यांदाही तेच. नंतर बिशपला उभं केलं, तर बर्कनं जाऊन त्याच्यावर पाय वर केला. टोळी हसून हसून बर्फात बसली. एकजण म्हणाला, "हाच का तो उस्ताद? याला तर फळीही ऐकत नाही." संध्याकाळी जेवताना माझ्या टेबलावर परत तोच विनोद झाला. सिव्हर्ट तेव्हा तिथंच होता, बशीकडे बघत होता. मग तो जेवण अर्धं टाकून घरी गेला.

एप्रिल लागला की आमच्याकडे कायद्यानं कुत्री दोरीवर येतात, पक्ष्यांची अंडी-पिल्लं असतात म्हणून. बर्क एय्वोरकडे परत गेला. सिव्हर्टनं तिला सांगितलं, "शिकलाय." उन्हाळाभर बर्क दोरीवरच, फिरणं तेवढं बसथांब्यापासून घरापर्यंत. तेव्हा तो काय शिकला हे कळायला मार्ग नव्हता.

ते कळलं सप्टेंबरात, आमच्या स्पर्धेला.

स्पर्धेत कुत्री जोडीनं सुटतात. बर्कच्या वाट्याला आला एम्ब्रिकचा काळा. दुपारची कॉफी घेऊन मी वर गेले होते, म्हणून मी बघणाऱ्यांच्या घोळक्यात होते. सिव्हर्टही होता. खुज्या बर्चझाडांच्या कडेला काळ्यानं, काय आश्चर्य, खरोखरच पॉइंट धरला. एम्ब्रिकनं हात वर केला. पंच दक्षिणेकडचा होता, तो पुढं झाला, त्याची नजर पक्ष्यांवर. तेवढ्यात उताराच्या वळणावरून बर्क आला आणि त्याला काळा दिसला.

तो थांबला. पण साथ देणारं कुत्रं जसं थांबतं, मान उंच, डोळे सोबत्यावर, तसं नाही. त्याचं सगळं अंग खाली बसलं. त्यानं तोंड फिरवलं, काळा आपल्याला दिसलाच नाही असं, आणि पोटावर सरपटत परत आला, एय्वोरच्या बुटांमध्ये घुसला. तिथं तो थरथरत होता. सवयीनंच असेल, सिव्हर्ट हातात दोरी घेऊन एक पाऊल पुढं झाला. बर्कनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथं त्याला लघवी झाली.

आम्ही कुत्र्यांची माणसं. आमच्यासाठी ते पाटीवर लिहिल्यासारखं होतं.

पंचानं वळून पाहिलं तोवर सिव्हर्ट मागं सरकला होता. पंचाला दिसला तो मालकिणीच्या पायाशी कापणारा कुत्रा. "या कुत्र्याला साथ शिकवताना कुणीतरी मारलंय," तो मोठ्यानं म्हणाला, "आणि चांगलंच मारलंय. बाई, लाज वाटायला हवी तुम्हाला." एय्वोरचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं वळून सिव्हर्टकडे पाहिलं, आणि वाट पाहिली. आम्हीही पाहिली. सिव्हर्ट दोरीची घडी घालत होता. घडी झाली, त्यानं ती उलगडली, परत घातली. मग तो खाली निघून गेला.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात एम्ब्रिक टेबलावर मुठी आपटत होता. "मी सांगतो पंचाला! आत्ता जाऊन सांगतो! त्या मिशीवाल्याला काय वाटलं, आम्ही आंधळे आहोत?"

"कुणी मध्ये पडायचं नाही," एय्वोर म्हणाली. ती बर्कच्या पंजातला काटा काढत होती.

"अगं, तुझं नाव खराब होईल सगळीकडे! दक्षिणेकडचे लोक म्हणजे आगलावे. तुला कुत्री मारणारी म्हणतील."

"म्हणू दे. सिव्हर्ट येईल. बाबा म्हणायचे, त्याचा टँकर उशिरा येतो, पण येतो."

सिव्हर्ट, ती म्हणाली. काका नाही. ते माझ्या कानात राहिलं.

टँकर काही आला नाही. सप्टेंबर गेला, शिकार संपली, बर्फ पडलं. त्या हिवाळ्यात सिव्हर्टकडे कुणीही कुत्रं शिकायला दिलं नाही. कुणी ठरवून टाळलं नाही, ज्याचं त्यानं कारण शोधलं. कुणाचं कुत्रं लंगडत होतं, कुणाला वेळ नव्हता. सिव्हर्टला वाटलं, फळीच्या कुत्र्याचे दिवस गेले, आता लोक कुत्री शिकवायला बटणावर चालणारी यंत्रं आणतात. असं तो एम्ब्रिकला म्हणालाही. एम्ब्रिकनं मला येऊन सांगितलं, आणि आम्ही दोघंही काही वेळ शिव्या देत बसलो.

त्याला वाटत होतं कुणाला माहीत नाही. हीच गोष्ट मला सहन होत नव्हती. तो लॉजवर यायचा, कप पुढं करायचा आणि खिडकीतून बाहेर बघायचा. पूर्वीही तो बोलायचा नाही, पण तेव्हा तो डोळ्यांत बघायचा. एकदा, बाहेर वादळ होतं आणि लॉजवर आम्ही दोघंच, तेव्हा तो म्हणाला, "बोर्गहिल्ड..." मी किटली हातात धरून उभी राहिले. इतकी स्तब्ध की तीराही मला शाबासकी देईल. त्याचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "साखर." आयुष्यात त्यानं कॉफीत साखर घातली नाही. मला ती किटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. मी साखर दिली. त्यानं ती घातली आणि प्यायला, तोंड वाकडं करत.

नाताळाच्या आधी एय्वोरच्या दारात कुणीतरी बर्चची फोडलेली लाकडं नीट रचून ठेवून गेलं. दार न वाजवता. अशी रास या दरीत एकच माणूस रचतो, सगळ्या साली एका बाजूला. एय्वोरनं तिच्यावर ताडपत्री टाकली आणि वसंतापर्यंत एकही लाकूड जाळलं नाही. बर्कला तिनं स्वतःच सावरलं. आधी कितीतरी दिवस एकट्यालाच डोंगरावर नेलं, पक्षी शोधू दिले, मजा करू दिली. मग माझ्या म्हाताऱ्या कुत्रीबरोबर. माझी कुत्री पॉइंट धरायची आणि एय्वोर बर्कपासून लांब, पाठ करून बसायची, पाव खात, काही घडलंच नाही अशी. सिव्हर्ट रस्त्यावरून जाताना एकदा गाडी थांबवून हे बघत होता. ती वळली तेव्हा गाडी निघाली होती.

आणि तिचं नाव खरंच खराब झालं. बसमधल्या एका पोराच्या आईनं, ती नव्यानंच इथं राहायला आलेली, तिला विचारलं, "तुम्ही कुत्र्यांवर रागावता म्हणे? पोरांवर नाही ना रागावत?" एय्वोरनं ते मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण मग भांडी पुसता पुसता तिनं पुसणं टाकून खुर्चीत बसून घेतलं. "तू म्हणशील तर मी आजच जाऊन त्याची मिशी उपटते," मी म्हटलं. तिनं नकारार्थी मान हलवली. माझा मला संताप आला, तिच्या हट्टाचा आला, पण सगळ्यांत जास्त त्याच्या त्या रचलेल्या लाकडांचा आला.

मग पुढचा सप्टेंबर. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी लॉजवर सगळे जमतात, जोड्यांच्या चिठ्ठ्या निघतात आणि मी मटण-कोबी करते. मोठ्या पातेल्यात थरावर थर, मिरी सढळ हातानं, सोबत उकडलेले बटाटे. चाळीसेक माणसं, बाकांच्या खाली ओली कुत्री. सिव्हर्टही आला होता, कुत्र्याशिवाय. तीरा उन्हाळ्यात गेली होती. तो टेबलाच्या टोकाला बसला होता, दाराजवळ.

चिठ्ठी निघाली, बर्क आणि प्रेबेनचा कुत्रा. प्रेबेन दक्षिणेकडचा, पहिल्यांदाच आलेला, गुबगुबीत, हसरा. वाईट माणूस नसावा. त्यानं टेबलापलीकडून एय्वोरकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे बापरे! म्हणजे चाबूकवाली बाई ती तूच? माझ्या कुत्र्यासमोर जरा जपून हं, तो भित्रा आहे."

दोन-चार पाहुणे हसले. आमच्यापैकी कुणी हसलं नाही. एम्ब्रिकचा चेहरा लाल झाला, माझ्या हातात डाव होता आणि तो मी वर उचलला होता. एय्वोरनं आमच्याकडे एकदाच पाहिलं. मी डाव खाली ठेवला. एम्ब्रिकनं तोंडात आख्खा बटाटा कोंबला. आम्ही सगळे आपापल्या बशीत बघत राहिलो. एय्वोर पावाला लोणी लावत होती, एकाच पावाला, परत परत.

बाक सरकल्याचा आवाज आला. सिव्हर्ट उभा राहिला होता.

"त्याला तिनं नाही मारलं," तो म्हणाला. "मी मारलं."

प्रेबेनच्या तोंडावर अजून हसू होतं, त्याला कळेना ते कुठं ठेवावं.

"राजधानीकडून लोक आले होते," सिव्हर्ट म्हणाला, "ते मला हसले. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी बर्कला घेऊन गोठ्यामागं गेलो. मी फळीचा कुत्रा उभा केला. बर्कनं त्याच्याकडे पाहिलं की मी त्याला दोरीनं मारत होतो. तो पळाला नाही, त्याला वाटलं मी थांबेन. मी परत फळी पाडायचो आणि परत उभी करायचो, आणि तो बघायचा नाही तर मी त्याचं डोकं धरून फिरवायचो आणि मग मारायचो. त्याचा काही दोष नव्हता. मला त्या माणसांना मारायचं होतं. मग मी एय्वोरला सांगितलं, शिकलाय म्हणून. पंचानं तिची लाज काढली तेव्हा मी तिथं उभा होतो. मी वर्षभर बोललो नाही. मला लाज वाटते. मला इतकी लाज वाटते की मी आता बिशपकडेही बघू शकत नाही, तो मी अजून गोठ्यामागं तिथंच पाडून ठेवलाय."

मी त्याला माणसांशी पूर्ण वाक्यांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मान वर केली. मला वाटतं, तो आता आरडाओरड्याची वाट बघत होता. कुणीतरी थुंकेल, कुणीतरी त्याची पिशवी उचलून चिखलात ठेवेल. पण पाहुणे सोडले तर एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. एम्ब्रिक बटाटा गिळायच्या खटपटीत होता. मी पातेल्यावर झाकण ठेवलं. सिव्हर्टनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मला त्याच्याकडे बघवेना. माणूस उभ्या उभ्या लहान होताना मी तेव्हा पाहिला.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

एम्ब्रिकनं मान डोलावली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी दुपारी," एय्वोर म्हणाली. "तू दोरी घेऊन पुढं आलास तेव्हा."

"सगळ्यांना?"

"इथल्या सगळ्यांना."

त्यानं टेबलाची कड धरली. "मग बोलला का नाहीत? एम्ब्रिक, तू... तू तर मला रोज भेटायचास. बोर्गहिल्ड. तू साखर दिलीस मला."

एय्वोरनं लोण्याची सुरी खाली ठेवली. तिचा आवाज चढलेला नव्हता. कुत्र्याशी बोलतात तसा होता, समजावणीचा.

"तूच शिकवलंस ना या दरीतल्या प्रत्येक कुत्र्याला," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पक्ष्यावर घुसायचं नाही. तो तुझा पक्षी होता, सिव्हर्ट. आम्ही थांबलो होतो."

तो बसला. मी त्याच्या बशीत मटण वाढलं, कोबी वाढला, बटाटे ठेवले. त्यानं चमचा उचलला आणि धरून ठेवला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. प्रेबेन हळूच एय्वोरकडे गेला आणि त्यानं माफी मागितली, तिनं त्याला बसायला जागा करून दिली. चिठ्ठ्या पुढं चालू झाल्या. टेबलाखाली बर्क कुत्र्यांच्या घोळक्यातून उठला, कुणाच्या बशीतून काय पडतंय ते हुंगत हुंगत दारापर्यंत गेला. सिव्हर्टच्या बुटांपाशी आल्यावर तो थांबला. सिव्हर्ट हलला नाही. त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले होते, उघडे, तळवे वर करून, आणि श्वासही घेत नव्हता असं वाटलं.

बर्कनं वास घेतला, वळसा घातला, आणि एय्वोरकडे परत गेला.